कागदावर कागद

एल्दा आरेचेआला लहानपणापासून एक खोड होती. काही बंद दिसलं की ते उघडायचं. सहाव्या वर्षी तिनं आजोबांचा रेडिओ उघडला, सातव्या वर्षी खुडूक कोंबडीखालचं अंडं, आणि दहाव्या वर्षी मावशीला आलेलं पत्र. तिन्ही वेळा मार खाल्ला. पण मारानं जाईल ती खोड कसली! आता बाई चाळिशी ओलांडून सान इलारिओ गावच्या शाळेत भूगोल शिकवत होती, तरी शेजारीण पिशवी घेऊन समोरून गेली की हिची मान आपसूक पिशवीकडे वळायची. अशा बाईच्या हातात बापानं आपलं जुनं ग्लायडर दिलं आणि वर बजावलं, "आतलं काही उघडू नकोस." आता बोला!

बाप म्हणजे फेर्मिन आरेचेआ, वय सदुसष्ट. धान्याच्या कोठारात वजनकाट्यावर त्याचा जन्म गेला. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि दोन वर्षांपासून हातांना असा कंप सुटला होता की येर्बाचा, म्हणजे आमच्याकडच्या कडू पानांच्या काढ्याचा, तुंबा ओठांपर्यंत नेईतो निम्मं कडू पाणी सदऱ्यावर सांडायचं. त्याच्या जेवणघराच्या आढ्याला ते ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं छोटं विमान, टांगलेलं असे. पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ दोन मीटर, बाल्साच्या हलक्या लाकडाचं, लाल कागदानं मढवलेलं. फेर्मिननं त्याचं नाव ठेवलं होतं चिमांगो, म्हणजे आमच्या माळावरचा ससाणा. एकोणीसशे त्रेपन्नच्या मार्चमध्ये या चिमांगोनं प्रांताचा करंडक जिंकला होता, आणि ती गोष्ट ज्यानं ऐकली नाही असा माणूस गावात असलाच तर तो बहिरा असणार.

यंदा गावच्या ग्लायडर क्लबाला पन्नास वर्षं होत होती. मार्चच्या शेवटच्या रविवारी जुनी विमानं पुन्हा उडवायचं ठरलं होतं. पण चिमांगोची दशा काय वर्णावी! कागद जागोजाग फाटलेला, एका पंखात उंदरानं बोगदा काढलेला, शेपटीची तर लक्तरंच लोंबत होती. फेर्मिनच्या हातून सुईत दोरा जात नव्हता, तिथं हे काम कुठलं होणार?

"ठिगळं लाव," तो एल्दाला म्हणाला. "फाटलंय तिथं ठिगळ, त्यावर सगळीकडून नवा लाल कागद. बस्स."

"जुना काढून मग लावूया ना, पापा. सगळे तसंच करतात."

"सगळे गेले खड्ड्यात. मी सांगतो तसं कर."

एल्दाला नवल वाटलं. याच बापाच्या हाताखाली लहानपणी कागदाची टोकं धरून ती उभी राहायची, आणि डिंकाचा एक थेंब जास्त पडला तर हा माणूस कपाळावर हात मारून घ्यायचा. 'ग्रॅमाग्रॅमाचं पाप लागतं' हे त्याचं ब्रीदवाक्य. कागदावर कागद चढवणं म्हणजे अंगरख्यावर अंगरखा घालून शर्यतीत पळण्यासारखंच. नवशिकं पोरसुद्धा ते करत नाही.

त्यातून क्लबाची एक रीत होती, आणि आसपासच्या सगळ्या गावांतही तीच. जुना कागद उतरवला की नवा चढवण्याआधी उघडा सांगाडा तपासनिसाला दाखवायचा. तो पंख डोळ्यासमोर धरून पीळ बघणार, वजन करणार, नाकाशेपटीत कुणी जास्तीचं शिसं दडवलंय का ते चाचपणार, आणि पंखाच्या मधल्या बरगडीवर पेन्सिलीनं सही ठोकणार. सही नाही तर उड्डाण नाही. जुनी मंडळी याला 'नागवी बघणं' म्हणत आणि दरवेळी त्याच विनोदावर नव्यानं खिदळत. नुसतं ठिगळ लावलं तर मात्र तपासणी लागत नसे. उन्हाकडे धरून आत जुनी सही आहे एवढं दिसलं की काम भागे. तपासनीस एके काळी सात होते. त्यातले सहा आता वर जाऊन देवदूतांचे पंख तपासत असावेत. उरला होता एकटा अतिलिओ बेर्तोलामी.

हा अतिलिओ पिठाच्या गिरणीत यंत्रं दुरुस्त करून निवृत्त झालेला, डोक्यानं टक्कल, तोंडानं फटकळ. फेर्मिनचा जिवलग. दर शनिवारी चार वाजता तो बेकरीतून गोड चंद्रकोरींचं, म्हणजे त्या आकाराच्या पावांचं, पाकीट घेऊन यायचा, ग्लायडरच्या बरोबर खाली बसायचा आणि अंधार पडेपर्यंत फेर्मिनशी भांडायचा. फुटबॉलवरून, सरकारवरून, येर्बाचं पाणी किती तापवावं यावरून. त्रेचाळीस वर्षं हे चाललं होतं. एल्दा त्याला काका म्हणायची. आईच्या अंत्यविधीला बापाचं बखोट धरून उभा राहिला होता तो हाच काका.

तर एल्दानं चिमांगो दोन घरं पलीकडे आपल्या स्वयंपाकघरात नेलं. उंदरानं केलेल्या भोकाशी ठिगळ लावायला तिनं कागदाची कड उचलली, तर वर लाल आणि त्याच्या खाली पिवळा. आधीच कागदावर कागद! म्हणजे ग्रॅमाग्रॅमाचं पाप मोजणाऱ्यानं हे पाप पूर्वीच करून ठेवलं होतं. तिनं शाळेच्या प्रयोगशाळेतला तराजू आणला. नुसता पंखच आराखड्यात लिहिलंय त्यापेक्षा पंचवीस ग्रॅम भारी निघाला.

बुधवारी दुपारी शाळा लवकर सुटली. टेबलावर लाल कागदाचा नवा गठ्ठा, डोपची बाटली, म्हणजे ते कागद घट्ट बसवायचं उग्र वासाचं पातळ रोगण, आणि ते विरघळवणारं थिनर. बापानं नको म्हटलं होतं. पण का नको म्हटलं होतं? हा 'का' तिच्या डोक्यात माशीसारखा घोंगावत होता. 'फक्त एक कोपरा,' ती स्वतःशी म्हणाली, आणि थिनरचा बोळा डाव्या पंखाच्या खालच्या बाजूनं फिरवला.

ओला होताच लाल कागद पारदर्शक झाला. आणि खालून अक्षरं वर आली. आधी 'अ' उगवला, मग 'ति', मग पुढचं सगळं. एल्दानं बोळा टाकला, नखानं लाल कागद सोलला आणि वाचलं:

'अतिलिओ बेर्तोलामी, गिरणीमागची गल्ली, लाप्रिदा. सापडल्यास आणून द्यावे. आणणाऱ्यास एक अख्खी सलामी.'

असं नाव-गाव प्रत्येकाच्याच पंखावर असतं. ही विमानं दोरीनं वर चढवून सोडतात. वर गरम हवेची उसळी सापडली की जातात भरकटत तीन गावं ओलांडून. ज्याच्या शेतात पडेल त्यानं आणून द्यावं, आणि मालकानं सलामीसारखं, म्हणजे खारवलेल्या मांसाच्या वळकटीसारखं, काहीतरी खाऊ घालावं. नाव असण्यात काही विशेष नव्हतं. नाव कुणाचं होतं, हा प्रश्न होता.

एल्दा खुर्चीवर बसली. मग पुन्हा उठली. विकत घेतलं असेल? मग झाकलं कशाला? बक्षीस मिळालं असेल? मग गेली चव्वेचाळीस वर्षं 'मी बांधलं, मी बांधलं' हा घोष कशाला? आता थांबणं तिच्या हातात राहिलं नव्हतं. तिनं दोन्ही पंख सोलून काढले. मधल्या बरगडीवर पेन्सिलीची सही होती: 'सि. बेर्तोलामी, ऑक्टोबर १९५२'. सि म्हणजे सिल्वानो, काकांचा थोरला भाऊ, जो जवळच्या लाप्रिदा गावात तपासनीस होता आणि ज्याच्या नावानं काका अजून बोटं मोडायचे.

ती पिवळा तुकडा घेऊन तशीच बापाकडे गेली. फेर्मिन मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाशी उन्हात बसला होता. त्यानं तिच्याकडे बघितलंच नाही, हातातल्या तुकड्याकडे बघितलं.

"उघडलंस."

"उघडलं."

"तुझ्या आईवर गेली आहेस. तिलाही कुलूप बघवत नसे."

"पापा, हे काकांचं आहे."

फेर्मिननं तुकडा मागून घेतला. मग जे बोलायला लागला ते थांबेचना. बावन्नच्या डिसेंबरात तो ओटच्या कापणीला गेला होता, लाप्रिदाच्या अलीकडे. शेताच्या मध्यावर हे पिवळं पाखरू बसलेलं, एक ओरखडा नाही. तो बावीस वर्षांचा, क्लबात आराखडे बघून बघून डोळे दुखलेले, पण बाल्सा तेव्हा औषधालासुद्धा मिळत नव्हतं. बाहेरून बोटीनं यायचं, ते येईनासं झालं होतं.

"नाव वाचलं मी. लगेच वाचलं. सायकलला बांधून निघालोसुद्धा लाप्रिदाला. वाटेत वाटलं, एकदा उडवून बघू. एकदाच. मग देऊ. ते वर गेलं, एल्दा... असं गेलं की मान दुखेपर्यंत बघत राहिलो. म्हटलं, रविवारी देऊ. रविवार आला, म्हटलं पुढच्या रविवारी. घाईघाईनं लाल कागद वरून चिकटवला, कारण सोलताना मोडलं तर दुसरं लाकूड आणू कुठून? त्या वर्षी अर्ध्या प्रांतानं तोच आराखडा बांधला होता, संशय कुणाला येणार? आणि मग मी जिंकलो. बक्षीस घेऊन खाली उतरलो तर पहिला हात पुढे आला तो याचा. 'मी अतिलिओ बेर्तोलामी, लाप्रिदाचा. दुसरा आलो. छान उडवलंत.' धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं असं झालं."

"मग सांगायचं ना तेव्हाच!"

"सांगणार होतो. पुढच्या वर्षी तो इथं गिरणीत लागला. पहिल्याच शनिवारी चंद्रकोरी घेऊन दारात हजर. त्याचं कुणी नव्हतं इथं. आता घरी आलेल्या माणसाला म्हणू, 'बस, आणि हो, मी चोर आहे'? एक शनिवार गेला की पुढचा जास्त अवघड होतो, पोरी."

खाई त्याला खवखवे म्हणतात. एल्दाला बापाचा राग आला होता, पण त्याचे हात मांडीवर थरथरत होते आणि आज ते नेहमीपेक्षा जास्त थरथरत होते, म्हणून राग नीट धरवेना.

"आता सगळं सोललंस म्हणजे त्याला दाखवावं लागणार," फेर्मिन म्हणाला. "शनिवारी. तुझ्याकडे सँडपेपर आहे ना? बारीक. एक हात फिरवलास की सही गेली. पिवळा कागद चुलीत टाक. मग बघू दे त्याला नागवी."

"फिरवते. पण माझ्याकडे बघून सांग."

फेर्मिन लिंबाकडे बघत बसला.

दोन दिवस एल्दा सांगाड्यावर काम करत होती. दोन मोडक्या बरगड्या बदलल्या, उंदराचं बाड-बिस्तर बाहेर काढलं, जुन्या रोगणाचे पापुद्रे खरवडले. तीन वेळा सँडपेपर घेऊन ती त्या सहीपर्यंत गेली आणि तीन वेळा परत आली. हे पुसायचा आपल्याला काय अधिकार, असं एकीकडे वाटायचं. आणि दुसरीकडे वाटायचं, बाई गं, उघडायचा तरी काय अधिकार होता? बापाला आता माणूस म्हणून एकच उरलाय, आणि तोही आपल्या खोडीपायी जायचा.

शनिवारी दुपारी तिनं सांगाडा नेऊन बापाच्या जेवणाच्या टेबलावर ठेवला. शेजारी सँडपेपरचा तुकडा ठेवला.

"सही आहे तशीच आहे. पुसायची तर तूच पूस. तुझ्या हाताला कंप आहेच, नुसता टेकवलास तरी पुसली जाईल."

"जीभ आहे का करवत!" फेर्मिन म्हणाला.

चार वाजता अतिलिओ आला. चंद्रकोरी ठेवल्या, टोपी खुंटीला लावली, हात साबणानं धुतले.

"कुठाय नवरी? त्रेचाळीस वर्षं नुसती पदराआडून बघतोय. आज मुखदर्शन!" स्वतःच्याच विनोदावर हसत त्यानं जाड भिंगांचा चष्मा चढवला आणि पंख उचलला.

"थांब," फेर्मिन म्हणाला.

सँडपेपर तसाच पडून होता. फेर्मिन दोन्ही हात टेबलावर दाबून उभा राहिला, आणि टेबल हळूहळू खडखडायला लागलं.

"अतिलिओ, हे तुझं आहे."

"काय माझं?"

"विमान. मी बांधलेलं नाही. मला ओटच्या शेतात सापडलं. नाव तुझं होतं. मी वाचलं होतं, आणि दिलं नाही."

अतिलिओनं पंख खाली ठेवला, चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"माझं आहे ते. त्रेपन्नला दुसऱ्याच फेरीत ओळखलं. दोरीवर चढताना डावीकडे मान टाकत होतं. शेपटीचा उभा तुकडा मी तिरका चिकटवला होता. जगात तसं चढणारं दुसरं नाही."

"म्हणजे तुम्ही स्वतःच्याच विमानाकडून हरलात, काका?" एल्दाच्या तोंडून निघून गेलं.

"हरलो. आणि वर याचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?" फेर्मिन ओरडला.

अतिलिओचे कान लाल झाले. पासष्ट वर्षांचा माणूस, पण वर्गात चूक सापडलेल्या पोरासारखा जमिनीकडे बघायला लागला.

"वात पेटवली नव्हती," तो पुटपुटला.

बाहेरच्याला यात काही कळायचं नाही. पण एल्दा याच घरात वाढली होती. शेपटी एका रबरानं खाली धरलेली असते आणि त्या रबरात एक पेटती वात खोचतात. ठरल्या वेळी वात जळत रबरापर्यंत येते, रबर तुटतं, शेपटी वर उडते आणि विमान अलगद खाली उतरतं. वात पेटवायला विसरलात की विमान देवाघरी. आणि क्लबाचा शिरस्ता असा की वात न पेटवता ज्यानं विमान घालवलं, त्यानं वर्षभर प्रत्येक मेळाव्याला निखाऱ्यासमोर उभं राहून सगळ्यांचं मांस भाजायचं आणि सगळ्यांच्या मागून, उभ्यानं, उरलंसुरलं खायचं.

"सिल्वानो तपासनीस. माझा सख्खा भाऊ. त्यानं दोन वर्षं भाजायला लावलं असतं," अतिलिओ म्हणाला. "मी घरी सांगितलं, गाईनं तुडवलं. गाईचा रंगसुद्धा सांगितला. आता गाईनं तुडवलेलं विमान करंडक जिंकतंय म्हटल्यावर मी कुठल्या तोंडानं म्हणणार, माझं आहे?"

एल्दाला हसू आवरेना. पदरच असता तर तोंडात कोंबला असता. तिला वाटलं, आता पापाही हसणार, दोघं गळ्यात पडणार, आणि सुटलो एकदाचे. पण फेर्मिन पांढराफटक पडला होता.

"त्रेचाळीस वर्षं," तो म्हणाला. "त्रेचाळीस वर्षं तू मान वर केलीस की मला वाटायचं, आता ओळखणार. घास गिळवत नसे शनिवारी. आणि तुला माहीत होतं? तू बसून मजा बघत होतास?"

"हे बरं आहे! चोर तो चोर आणि वर शिरजोर!"

"चोर आहे, हजारदा चोर आहे! पण मी तुला मित्र समजत होतो. तू कशाला येत होतास इथं? माझ्यासाठी, का त्याच्यावर नजर ठेवायला?"

"त्याच्यासाठी!" अतिलिओही पेटला. "त्याच्यासाठीच येत होतो! तुझं कोमट कडू पाणी प्यायला येतं का कुणी?"

बोलून गेला. मग, नियम तो नियम, अतिलिओनं चष्मा पुन्हा चढवला, पंख डोळ्यासमोर धरला, वजन केलं, शेपटी चाचपली, आणि भावाच्या सहीखाली आपली सही आणि तारीख घातली. "उजव्या पंखाला पीळ आहे, काढा," एवढं एल्दाला सांगितलं आणि टोपी घेऊन निघून गेला. चंद्रकोरींचं पाकीट कुणी उघडलं नाही.

"ऐकलंस ना?" फेर्मिन खुर्चीत बसत म्हणाला. "त्याच्यासाठी येत होता."

"रागात बोलले ते, पापा."

"रागातच माणूस खरं बोलतो. पिवळा कागद आण. त्याचं नाव घाल. आणि नेऊन दे त्याचं त्याला. पुन्हा माझ्या घरात नको ते."

त्या आठवड्यात एल्दानं बापाच्याच टेबलावर कागद चढवला, कारण तो म्हणाला, मी बघणार. किटलीच्या वाफेवर धरून उजव्या पंखाचा पीळ काढला. पिवळा कागद पंखाच्या लांबीला धरून कापला, कारण कागदालाही उभा-आडवा धागा असतो आणि तो उलटा लागला की सगळा पंख वाकडा होतो. बरगड्यांच्या कडांना डोप लावला, कागद अंथरला, बोटानं दाबत गेली. फेर्मिन शेजारी बसून 'मधून बाहेर, मधून बाहेर' एवढंच म्हणत होता. इतर बोलणं नाही. सगळं बसलं तरी कागदाला सुरकुत्या होत्याच, धुतल्या चादरीसारख्या. मग तिनं फवारणीच्या बाटलीनं त्यावर पाण्याचं धुकं सोडलं आणि पंख टाचण्यांनी फळीला जखडला.

हे तिला लहानपणापासून आवडायचं. ओला कागद आधी आणखी ढिला पडतो, वाटतं, वाटोळं झालं. आणि मग तो वाळतावाळता, बघताबघता, एकेक सुरकुती पळायला लागते. कुठली आधी जाईल ते कधीच सांगता येत नाही. बाप-लेक दोघंही पुढे वाकून बघत होते.

"शनिवारी येईल का गं?" फेर्मिननं कागदावरची नजर न काढता विचारलं.

एल्दाला बरं वाटेल असं काहीतरी सांगता आलं असतं. पण तिलाही ठाऊक नव्हतं, आणि ते जाणून घ्यायची तिला जेवढी घाई झाली होती तेवढी कुठलंही कुलूप बघून झाली नव्हती.

"माहीत नाही, पापा."

"आता इथं बघायला काय उरलंय?" तो म्हणाला. "वाजव बघू बोटानं."

तिनं वाजवला. पंख डफासारखा टणटणला.

शुक्रवारी तिनं ग्लायडर अतिलिओच्या दारात नेलं. त्यानं ते घेतलं, पंखावरचं आपलं नाव नाकाशी धरून वाचलं. "रोगण वाळलंय ना?" विचारलं. वाळलंय, म्हणाली. दार लागलं. दाराला कान लावायची तिला फार इच्छा झाली. पण आपल्या उघडण्यानं एवढं रामायण झालं होतं, म्हणून कान मुठीत धरून ती घरी आली.

शनिवारी फेर्मिननं सकाळीच दाढी केली. थरथरत्या हातानं दोन ठिकाणी कापून घेतलं. चार वाजता किटली चढली. सव्वाचार झाले. एल्दा तीन वेळा खिडकीशी जाऊन आली. गल्लीत एक कुत्रं तेवढं झोपलं होतं. साडेचारला फेर्मिन म्हणाला, "उतरव ती. गॅस फुकट जातोय." एल्दानं किटली उतरवली. तिला रडू येत होतं, आणि स्वतःच्या हातांचा इतका राग आला होता की ते तिनं पाठीमागे धरून ठेवले होते.

पाच वाजायला दहा मिनिटं असताना दार ढकलून अतिलिओ आत आला. पाकीट टेबलावर आपटलं, टोपी खुंटीला लावली आणि नेहमीच्या खुर्चीत बसला.

"बेकरीत ही गर्दी! उद्याचा मेळावा म्हणजे जसं काही लग्नच."

फेर्मिननं आढ्याकडे बोट दाखवलं. "इथं आता काही टांगलेलं नाही," तो म्हणाला.

"दिसतंय. आंधळा नाही मी."

"मग कशाला आलास?"

अतिलिओनं टकलावरून हात फिरवला.

"काल घरी टांगलं," तो म्हणाला. "पलंगासमोर. म्हटलं, त्रेचाळीस वर्षं ज्याच्यापायी तंगड्या तोडल्या ते अखेर आपल्या घरी आलं. खुर्ची ओढली आणि बघत बसलो. मलाही वाटायचं रे, की मी त्याच्यासाठीच येतो. अर्धा तास बघितलं, फेर्मिन. अर्ध्या तासात कंटाळा आला. त्याला भांडता येत नाही."

फेर्मिनच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. हात इतके कापत होते की पुसायच्या भानगडीत तो पडलाच नाही.

"मला वाटलं, तू येणार नाहीस," तो म्हणाला.

"मलाही तसंच वाटत होतं. पण बेकरीवाल्या बाईनं न विचारता डझनाचं पाकीट बांधून पुढं केलं. आता एकट्यानं बारा कोण खाणार? आणि हे काय, पाणी ठेवलं नाहीस अजून?"

"ठेवलं होतं. तू उशिरा आलास, निवलं."

"निवलेलंच देतोस नेहमी."

"जीभ भाजते म्हणून कोण बोंबलत होतं मागच्या महिन्यात?"

एल्दानं किटली पुन्हा चढवली. पाठमोरी उभी राहून तिनंही डोळे पुसले. मागं त्या दोघांचं पाणी किती तापवावं यावरून चांगलंच जुंपलं होतं, आणि तिनं मुद्दामच गॅस बारीक ठेवला.